हवेवरचं चाक

पहाटे 5.30

शर्टाची वरची दोन बटणं बायको लावून देते. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांना सकाळी सकाळी बटण लागत नाही. ते चिमटीत आहे की निसटलं, हे खाली पाहिल्याशिवाय कळत नाही. दुपारपर्यंत बोटं मोकळी होतात, पण रात्री दोन-तीनच्या सुमाराला मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकत बसावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गार पाण्याने तोंड धुतलं की त्याच बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडतात.

एकवीस वर्षं मी ग्राइंडर धरला. त्यातली बहुतेक वर्षं हवेवर चालणारा. डॉक्टरांनी नसा तपासल्या, काम काय करता ते विचारलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं : कंपनामुळे होणारा बोटांचा आजार. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी 1918 साली इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या दगडखाणीत जाऊन हवेच्या हातोड्यांनी दगड घडवणारे कामगार तपासले होते. त्यांचीही बोटं अशीच पांढरी पडत होती. म्हणजे हवेच्या हत्यारातून हातात येणारं हे दुखणं जगाला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. मला मात्र ते चाळिशी उलटल्यावर कळलं. म्हणून आता ग्राइंडर माझ्या हातात कमी असतो आणि ज्यांच्या हातात असतो त्यांच्याकडे माझं लक्ष जास्त असतं.

सकाळी 6.50

कल्याण पूर्वेहून लोकलने डोंबिवली म्हणजे मध्ये एकटं ठाकुर्ली. प्रवास सोपा, उतरणं अवघड. डोंबिवलीला चढणाऱ्यांची भिंत समोर उभी असते. तिच्यातून वाट काढून बाहेर आलं की शेअर रिक्षा, घरडा सर्कल, आणि तिथून पायी एमआयडीसीतली आमची शेड.

सकाळी 7.40

आम्ही केमिकल कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलची भांडी बनवतो. टाक्या, रिॲक्टर, त्यांची झाकणं, नोझल. पत्रा वळतो, वेल्डिंग होतं, आणि मग वेल्डची शीर घासून पत्र्याच्या पातळीला आणावी लागते, आतूनसुद्धा. आतून म्हणजे माणूस मॅनहोलमधून टाकीत उतरतो आणि उकिडवा बसून घासतो.

आमच्याकडे हवेचे ग्राइंडर आहेत ते यासाठीच. टाकीत चारी बाजूंनी धातू, अंगाला घाम. विजेच्या ग्राइंडरची वायर सोलली गेली तर सुटायला जागा नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमातल्या कलम 36-ए मध्ये अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधनं नसताना 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा दिवा किंवा उपकरण न्यायला मनाई केली होती. हवेच्या ग्राइंडरला वायरच नाही. तो जळत नाही, अंगावर कितीही जोर टाका, फार तर थांबतो. चार इंची विजेच्या मशीनपेक्षा हलका. त्यामुळे नवा पोरगा आला की त्याला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं : हे घे, याला शॉक नाही.

हे वाक्य मी आमच्या शेडमध्ये बंद केलं आहे. शॉक नाही म्हणून धोका नाही, अशी समजूत त्याच वाक्यातून होते आणि ती काढायला पुढे वर्ष लागतं. चाक तेच, ठिणग्या त्याच, वेग कधी कधी विजेच्या मशीनपेक्षा जास्तच.

सकाळी 8.00

कंप्रेसर सुरू करण्याआधी टाकीखालचा ड्रेन उघडायचा. उन्हाळ्यात चहाच्या कपाएवढं पाणी निघतं, पावसाळ्यात अर्धी बादली. डोंबिवलीच्या हवेतला दमटपणा कंप्रेसर पिळून काढतो, तो हा. हे पाणी काढलं नाही तर लाइनमधून ग्राइंडरच्या पोटात जातं. तिथे रोटर असतो, त्याच्या खाचांत पातळ पट्ट्या, आणि वर गव्हर्नर. छोटी वजनं आणि स्प्रिंग यांचं ते यंत्र वेग वाढला की बाहेर फाकतं आणि हवेची वाट अडवतं. त्याला गंज चढला की ते एका जागी अडकतं. मशीन चालत राहतं, उलट नेहमीपेक्षा जोरात चालतं, आणि माणूस म्हणतो, आज काय मस्त ओढतंय!

ड्रेनपासून चाक फुटण्यापर्यंतची साखळी एवढीच आहे. त्यामुळे ड्रेन उघडायचं काम मी हेल्परवर सोडत नाही.

मग रेग्युलेटर. कंप्रेसर आठ बारला बंद होतो. मशीनच्या पाटीवर 6.2 बार लिहिलेलं आहे, म्हणजे 90 पीएसआय. दोन्हींच्या मध्ये रेग्युलेटर नसेल तर पाटीवरच्या वेगाला काही अर्थ उरत नाही, कारण दाब वाढला की वेग वाढतो. काटा सहाच्या किंचित पुढे आणून ठेवायचा. वंगणाच्या वाटीत तेल आहे का ते पाहायचं, काचेतून थेंब पडताना दिसला पाहिजे.

सकाळी 8.15

आज सोमवार. वेग मोजायचा दिवस.

चाक काढायचं, स्पिंडलवर चमकती पट्टी चिकटवायची, मशीन मोकळं चालवायचं आणि टॅकोमीटरचा लाल ठिपका पट्टीवर धरायचा. आमच्या चार इंची मशीनची पाटी सांगते मिनिटाला 12,000 फेरे. तीन मशीन 11,600 ते 11,900 च्या दरम्यान आली. चौथं 13,100.

मुरबाडचा एक पोरगा आहे, सहा महिन्यांपूर्वी लागलेला. तो म्हणाला, “काका, चाकावर तर 15,300 लिहिलंय. अजून दोन हजारांची जागा आहे की.”

त्याचं वाचन बरोबर होतं आणि मला बरंही वाटलं, कारण चाकावरचा आकडा वाचणारी पोरं फार नसतात. त्याला म्हटलं, “चाक सोसेल रे आज. पण पाटीवर बारा हजार असताना तेरा हजार निघतायत, याचा अर्थ गव्हर्नर ऐकत नाही. आज तेरा आहे, उद्या सतरा झाला तर तुला कसं कळणार?”

मशीनला लाल पट्टी बांधली आणि बाजूला ठेवलं. त्याची वही आहे, त्यात आकडा आणि तारीख लिहिली. शेठनी आधी कुरकुर केली होती, एक मशीन कमी म्हणजे संध्याकाळी दोन शिरा कमी. आता करत नाहीत.

सकाळी 8.35

चाकांची तपासणी. इथे मी वेळ घेतो.

रेझिनच्या चाकाला वय असतं. मधल्या पत्र्याच्या गोल कडीवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. कोपऱ्यातल्या खोक्यात पडून राहिलेलं, पावसाळ्यात ओल पिणारं चाक कोरं दिसलं तरी आतून गेलेलं असतं. दगडी बेंच ग्राइंडरचं चाक लाकडाने हलकं वाजवलं की घंटेसारखं बोलतं आणि तडा असेल तर बद्द आवाज येतो. रेझिनच्या पातळ चाकाला ही परीक्षा लागू पडत नाही. ते डोळ्यांनी पाहायचं, कड बोटाने फिरवून पाहायची, वाकलेलं असेल तर मोडून टाकायचं. मोडूनच टाकायचं, कारण कचऱ्यात सबंध फेकलेलं चाक दुपारी पुन्हा कुणाच्या तरी मशीनवर दिसतं.

या चाकांशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. उरणजवळच्या मोरा इथे 1941 मध्ये अशी चाकं बनवणारा ग्राइंडवेलचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्या किनाऱ्यावरून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, तिथल्या चाकांनी ठाणे-बेलापूरच्या कितीतरी शेडमधलं लोखंड घासलं आहे.

आकड्यांचं एक गणित मी प्रत्येक नव्या पोराला करून दाखवतो. 100 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 15,300 फेरे फिरलं तर त्याची कड सेकंदाला 80 मीटर धावते, ताशी 288 किलोमीटर. डोंबिवलीहून ठाणं साधारण पंधरा किलोमीटर. ती कड सरळ धावत सुटली तर तीन मिनिटांत ठाणं गाठेल. चाकाचा तुकडा उडतो तो या वेगाने. त्याच कारखाने अधिनियमाच्या कलम 30 मध्ये प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग लिहिलेली पाटी कायमची लावायला सांगितलं होतं. आमच्याकडे ती मराठीत आणि हिंदीत रंगवून घेतली आहे, कारण वेल्डर जौनपूरचे आणि फिटर शहापूरचे.

हे गणित मला एका अपघाताने शिकवलं. वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या शेडमध्ये मी कामाला होतो. चार इंची चाकं संपली होती. शेजारच्या माणसाने चार इंची मशीनचा गार्ड काढला आणि सात इंची चाक चढवलं. चार इंचीचं भोक सोळा मिलिमीटर, सात इंचीचं बावीसच्या वर. मध्ये वॉशर घालून त्याने जागा भरली. सात इंची चाकाची मर्यादा 8,500 फेऱ्यांची, मशीन 12,000 चं. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्या चाकावर सोसवेल त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण आला होता. हे मला तेव्हा मांडता आलं नसतं. मी फक्त आवाज ऐकला, आणि मान वळवली तेव्हा तो गालावर हात धरून खाली बसत होता. डोळा वाचला. गालाचं हाड वाचलं नाही. गार्ड पायाशी पडला होता.

सकाळी 9.00

नवं चाक चढवताना माझा नियम एकच आणि त्याला सूट नाही : भिंतीवरचा कॉक बंद, लिव्हर दाबून होजमधली उरलेली हवा सोडायची, मग कपलिंग काढायचं, मग पाना हातात घ्यायचा. बोट लिव्हरवरून उचललं म्हणजे मशीन बंद झालं, असं धरून चालणारे कारागीर मी पाहिले आहेत. पाना फिरवताना मशीन मांडीवर धरतात, लिव्हर मांडीला दाबली जाते. पुढचं सांगायला नको.

चढवल्यावर मिनिटभर मोकळं चालवायचं, टेबलाच्या आडोशाने, चाकाच्या रेषेत कुणी उभं नसताना. खराब चाक बहुतेक वेळा याच मिनिटात फुटतं.

होजच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प असतो आणि जोडावरून तारेची दोरी. क्लॅम्पऐवजी बायंडिंग वायर पिळायची पद्धत आपल्या सगळ्या पट्ट्यात आहे. सहा बारची हवा भरलेला होज सुटला की सापासारखा आपटत फिरतो आणि टोकाचं पितळी कपलिंग ज्याला लागेल त्याला लागतं. तारेची दोरी असली तर तो जागच्या जागी धरला जातो. तिची किंमत एका चाकाच्या आसपास.

सकाळी 10.00 ते 12.30

काम. कानात प्लग, डोळ्यांवर गॉगल, त्यावर फेस शील्ड. नुसतं शील्ड पुरत नाही, ठिणगी खालून आत येते. अंगाला घट्ट सुती कपडे, गळ्यात काही नाही. एकाच्या गळ्यातला ताईत मी काढून खिशात ठेवायला लावला, तो आधी रागावला, मग ऐकलं.

आवाजाचं माप आमच्याकडे 98 डेसिबल भरलं. कारखान्यांच्या नमुना नियमांत 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन तास असा हिशेब होता. म्हणून दोन तासांनी माणूस बदलतो. घासणारा फिटिंगला जातो, फिटर घासायला येतो. यात हातांचंही भलं होतं. कारागीर मशीन आवळून धरतो, त्याला वाटतं आवळलं की काम पक्कं होतं. आवळलेल्या हातात कंप जास्त शिरतो. शिवाय मशीनमधून बाहेर पडणारी हवा पसरताना गार होते. तासाभरात मशीनचं अंग मडक्यासारखं थंड लागतं. गार पडलेली बोटं आणि वर कंप, ही जोडी सर्वांत वाईट. कापडी हातमोजा कोरडा ठेवायचा आणि हवेचा झोत बोटांवर येणार नाही असं तोंड फिरवून घ्यायचं.

दुपारी 12.30

डबा. हात साबणाने धुऊन. मुरबाडच्या पोराने अंगावरची धूळ उडवायला होजचं टोक छातीवर धरलं तेव्हा मी उठून त्याच्या हातातून ते काढून घेतलं. सगळ्यांसमोर बोललो आणि जोरात बोललो, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. अशा हवेने कातडीवरच्या बारीक जखमेतून हवा आत शिरते, धुळीचा कण डोळ्यात रुततो. अमेरिकेत साफसफाईच्या हवेला 30 पीएसआयची मर्यादा आहे, आमच्या लाइनमध्ये तिप्पट असते. आणि थट्टा म्हणून एकमेकांच्या अंगात हवा सोडल्याने आतडी फाटून माणसं मेल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. बहुतेक वेळा हवा सोडणारा ओळखीचाच होता. आमच्या शेडमध्ये होज माणसाकडे वळवला तर त्या दिवशीचं काम बंद.

भिंतीला झाडू आणि ब्रश टांगलेले आहेत. अंग झाडायला ते पुरतात.

दुपारी 1.30

टाकीत उतरायची वेळ. पाच हजार लिटरची टाकी, आतून टिगने वेल्ड झालेली.

टिगच्या कामात आर्गॉन वापरतात. तो हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. वेल्डर काम संपवून वर येतो आणि आर्गॉन टाकीच्या तळाशी बसून राहतो, विहिरीत पाणी बसावं तसा. उकिडवं बसणाऱ्या माणसाचं नाक नेमकं तिथे. म्हणून आधी तासभर ब्लोअर, मग दोरीला मीटर बांधून तळापर्यंत सोडायचा. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरत नाही. आज पहिल्यांदा 18.9 दाखवला. पुन्हा वीस मिनिटं ब्लोअर. मग 20.8.

एकाने सुचवलं, ऑक्सिजनची नळी सोडूया, पटकन होईल. ते कधीच करायचं नाही; ऑक्सिजन भरलेल्या जागेत एका ठिणगीने कपडे पेट घेतात.

आत 24 व्होल्टचा दिवा, हवेचा होज आणि माणूस. बाहेर मॅनहोलशी मी, कॉकवर हात ठेवून. आतून हातोड्याचे दोन ठोके म्हणजे हवा बंद कर, तीन म्हणजे मला वर घे. ग्राइंडरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, ठोके पत्र्यातून हाताला कळतात. बाहेर बसलेल्या माणसाने मोबाइल पाहायचा नाही आणि आत कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरी ओढायची, मदत बोलवायची.

ठिणग्यांबद्दल एक गोष्ट. हवेचं मशीन ठिणगी करत नाही असं काही जण समजतात, कारण त्यात वीज नाही. ठिणगी मशीन करत नाही, चाक करतं. केमिकल कारखान्यात दुरुस्तीला गेलं की हा फरक जिवावरचा ठरतो. ज्या डोंबिवलीने 26 मे 2016 आणि 23 मे 2024 चे केमिकल कारखान्यांतले स्फोट पाहिले, ज्याच्या खिडक्यांच्या काचा मैलभर अंतरावर फुटल्या, तिथे ‘याला शॉक नाही, घेऊन जा’ म्हणत हॉट वर्कच्या परवान्याशिवाय ग्राइंडर पाठवणं मला मान्य नाही. मी दोनदा पाठवायला नकार दिला आहे.

दुपारी 3.15

चहा. आतला माणूस घामाने भिजून वर आला. त्याला पाणी, मग चहा, आणि आज पुन्हा आत नाही.

संध्याकाळी 4.40

चाकं काढून खोक्यात सपाट ठेवली. स्टेनलेसची वेगळी, लोखंडाची वेगळी. लोखंड घासलेलं चाक स्टेनलेसवर टेकवलं तर आठवड्याने तिथे गंजाचे ठिपके दिसतात आणि माल परत येतो. मशीनच्या तोंडात दोन थेंब तेल. कॉक बंद, लिव्हर दाबून हवा सोडली, काटा शून्यावर. होज गुंडाळताना चिरा बघितल्या.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाला आमच्याकडेही शपथ होते, बिल्ले लागतात. मला तो दिवस आवडतो, कारण त्या दिवशी शेठ स्वतः शेडमध्ये उभे राहून ऐकतात. गेल्या वेळी मी त्यांना टॅकोमीटरची वही दाखवली आणि तारेच्या दोऱ्या मागून घेतल्या.

संध्याकाळी 7.15

घरी. गरम पाण्यात दहा मिनिटं हात. मुंग्या उतरत नाहीत, बोटं सैल होतात. मुरबाडच्या पोराने निघताना विचारलं होतं, “काका, माझेपण हात रात्री बधिर होतात, ते कामानेच का?” त्याचं वय एकोणीस. उद्यापासून आठवडाभर तो फिटिंगवर, आणि उद्या दुपारीच मी त्याला दवाखान्यात घेऊन जाणार आहे.

जे हे वाचून ग्राइंडर हातात घेतील त्यांच्यासाठी : आपल्या मशीनचा वेग या आठवड्यात एकदा मोजून घ्या, टॅकोमीटर नसेल तर मागा. आणि बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर बटण लागेनासं होण्याची वाट पाहू नका. ई.एस.आय.चं कार्ड घेऊन जा आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा की आपण कुठलं मशीन, रोज किती तास धरतो. ते विचारतीलच असं नाही.